विज्ञानाने माया सिद्ध केलेली नाही

मेंदूविषयीचे संशोधन मराठीत पोहोचू लागले, तसे एक वाक्य व्याख्यानांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून सारखे कानावर पडते: जग ही माया आहे, हे आता विज्ञानानेही मान्य केले. युक्तिवाद असा असतो. मेंदू कवटीच्या अंधारात बंद आहे. त्याच्यापर्यंत फक्त मज्जातंतूंतले संकेत पोहोचतात. त्यांवरून तो जे चित्र रचतो, तेच आपण जग समजतो. म्हणून जग हा मनाचाच खेळ. यातली पहिली तीन विधाने ढोबळमानाने बरोबर आहेत. चौथे त्यांतून निघत नाही, आणि ते का निघत नाही हे भारतातच झालेल्या एका प्रयोगावरून चांगले कळते.

त्या प्रयोगामागचा प्रश्न जुना आहे. विल्यम मॉलिन्यू या आयरिश विद्वानाने १६८८ मध्ये तो मांडला आणि पुढे तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या ग्रंथामुळे तो गाजला. जन्मांध माणूस गोळा आणि घन हाताने चाचपून ओळखतो. त्याला एकाएकी दृष्टी आली, तर नुसते पाहून गोळा कोणता आणि घन कोणता हे तो सांगू शकेल का? लॉकचे उत्तर नकारार्थी होते, पण ते नीट तपासणार कोणावर? श्रीमंत देशांत जन्मजात मोतीबिंदू तान्हेपणीच काढतात. आपल्याकडे गरिबीपायी तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. एमआयटीतील पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मुळे अशा मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांवरील चाचण्यांचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचारानंतर दोन दिवसांच्या आत त्यांना खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे आकार दिले गेले. चाचपलेला आकार पुन्हा चाचपून ओळखण्यात जवळजवळ चूक नव्हती. पाहिलेला पाहून ओळखणेही नव्वद टक्क्यांपुढे जमले. मात्र चाचपलेला आकार दोहोंतून नुसत्या नजरेने ओळखताना प्रमाण ५८ टक्क्यांवर आले, म्हणजे जवळपास अंदाजपंचे. लॉक जिंकला. पण काही दिवसांनी ज्यांची पुन्हा चाचणी घेता आली, त्यांची जुळणी बरीच सुधारली होती, तीही कोणी शिकवणी न घेता.

हे सुधारणे नीट पाहायला हवे. मन आरशासारखे असते, तर हाताला कळलेला आकार डोळ्यांना पहिल्याच दिवशी कळला असता. उलट सारे मनच रचत असते, तर ही मुले चुकली असे म्हणायलाही आधार उरला नसता. घडले ते तिसरेच: मुले वस्तू उचलत राहिली, ठेवत राहिली, त्यांच्याभोवती वावरली आणि डोळे व हात एकमेकांशी जुळत गेले. या संशोधनातले एक ज्येष्ठ सहकारी रिचर्ड हेल्ड यांनी १९६३ मध्येच अ‍ॅलन हाइन यांच्यासह मांजरीच्या पिल्लांवर एक प्रयोग केला होता. एक पिल्लू स्वतःच्या पायांनी गोल फिरे, दुसरे त्याच यंत्रातल्या पाळण्यात बसून त्याच्याबरोबर फिरवले जाई. दोघांना दिसणारे सारखेच. पण पाळण्यातल्या पिल्लाला पुढे टेबलाच्या कडेवर पंजा नीट टेकवता येईना. नुसते दिसून जग कळत नाही. त्याच्याशी झटावे लागते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, मनाबाहेर वस्तू नाहीत असे मानणाऱ्या तत्त्वज्ञ बर्कलीच्या वळणाचा: जुळली ती दोन संवेदनांची सवय, त्यांच्यामागे वस्तू असलीच पाहिजे असे कुठे आहे? तर्काने हे साफ खोडता येत नाही, हे कबूल. पण दोन वेगळी इंद्रिये नेमकी एकाच आकारावर का येऊन मिळतात, याचा उलगडा वस्तू मानल्याने होतो; ती नाकारली की बर्कलीप्रमाणे ईश्वराला मध्ये आणावे लागते. दुसरा आक्षेप दृष्टिभ्रमाचा. टोकांना बाण लावलेल्या दोन सारख्या रेषा लहान-मोठ्या दिसतात, आणि नुकतीच दृष्टी आलेल्या मुलांनाही त्या तशाच दिसल्या. मनाला स्वतःचा कल आहे, हे खरेच. पण रेषा सारख्या आहेत हे पट्टी लावून कळते, म्हणून तर त्याला भ्रम म्हणायचे. शिवाय मेंदू, कवटी आणि मज्जातंतू हेही त्याच जगातले. त्यांचा दाखला देऊन जग खोटे ठरवणे म्हणजे बसल्या फांदीवरच कुऱ्हाड चालवणे.

गंमत म्हणजे, मायावादाचे आचार्य म्हणून ज्यांचा हवाला दिला जातो, त्या शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात विज्ञानवादी, म्हणजे बाह्य वस्तू नाकारून फक्त ज्ञानच खरे मानणाऱ्या, बौद्धांचे खंडनच केले आहे. खांब, भिंत, घडा हे ज्ञानाहून वेगळे अनुभवाला येतात, ते नाकारता येत नाहीत, आणि जागेपणीचा अनुभव स्वप्नाच्या मापाने मोजता येत नाही, अशी त्यांची भूमिका आहे. ते जगाला मिथ्या म्हणतात ते ब्रह्माच्या अपेक्षेने. घडा तुमच्या डोक्यात आहे, असा त्याचा अर्थ नाही. म्हणजे या लोकप्रिय वाक्याने विज्ञानावर जितका अन्याय होतो, तितकाच वेदान्तावरही.

हा नुसता पंडिती वाद नाही. जग ज्याच्या त्याच्या मनातले ठरले, की प्रत्येकाचे सत्य आपापले होते आणि अफवेला खोटे म्हणण्याचा अधिकारच संपतो. विहिरीची पातळी आणि औषधाची मात्रा कोणाच्या धारणेची वाट पाहत नाही. आपले ज्ञान अपुरे आणि आपल्या घडणीने रंगलेले असते, हे मान्य करायला जग नाकारावे लागत नाही. उलट ते अपुरे आहे असे म्हणता येते, तेच त्याला तपासणारे जग बाहेर आहे म्हणून.