बिनवारस म्हणजे मोकळे रान नव्हे

‘बिनवारस गेला, आता जमीन सरकारजमा.’ शिरूर-दौंडकडे एकटा माणूस वारला की असे कुणीतरी बोलतेच. दुसरे वाक्य जरा दबक्या आवाजात येते: ‘बारा वर्षं कसली की आपलीच!’ खडकवासल्याच्या कालव्यावरचे दौंडातले उसाचे रान असो की रांजणगाव एमआयडीसीजवळचा माळ, या दोन वाक्यांवर मनसुबे रचले जातात. दोन्ही खोटी आहेत.

सरकार वारस होते खरे, पण रांगेत सगळ्यात शेवटी. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात पुरुषामागे आधी मुलेबाळे, विधवा, आई. मग वडील, भाऊबहिणी. त्यानंतर भावकी, आणि तीही नसेल तर बाईकडून जोडलेले नातलग. कितव्या पिढीपर्यंत, याला मर्यादा नाही. वारस नाही हे सिद्ध करण्याचा बोजाही सरकारवर, असे सर्वोच्च न्यायालयाने हरिद्वारच्या एका आश्रमाच्या प्रकरणात २०१७ मध्ये बजावले. आणि कलम २९ प्रमाणे मालमत्ता आली की तिच्यावरची देणीही सरकारच्या गळ्यात पडतात.

सरकार जमीन गिळेल ही भीती मात्र उगाच आलेली नाही. १८४८ मध्ये साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीने नाकारला आणि ते राज्य खालसा केले. तिथे वारस होता, तो मानला नाही. आज कायदेशीर दत्तक हा पोटच्या मुलाइतकाच वारस आहे. साताऱ्याचा दाखला म्हणूनच इथे लागू पडत नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३४ तर गिळण्यापेक्षा राखण्याचे काम करते. भोगवटादार मृत्युपत्राशिवाय आणि ज्ञात वारसाशिवाय वारला, की जिल्हाधिकारी जमीन ताब्यात घेतो आणि एकेका वर्षाच्या पट्ट्याने देऊ शकतो. तीन वर्षांत कुणी हक्क सांगितला तर चौकशी होते. दावा फेटाळला तरी दिवाणी कोर्टात जायला एक वर्ष मिळते. कुणीच आले नाही किंवा दावा फेटाळलेला माणूस वर्षभरात कोर्टात गेला नाही, तरच लिलाव.

बारा वर्षांचे गणित तर सरकारपुढे चालतच नाही. तिथे मुदत तीस वर्षांची. शेवटचा वारस म्हणून असलेला सरकारचा हक्क काढून टाका, म्हणजे बिनवारस रान कुणाच्या पदरात पडेल? ज्याचा ट्रॅक्टर आधी पोचला त्याच्या.

कायद्याला धार आहे, ती वेगळ्याच ठिकाणी. लिलावानंतर खरा वारस उगवला, तर त्याला जमीन परत मिळत नाही. खर्च आणि सरकारी येणे वजा जाता पट्ट्याचे भाडे व लिलावाची रक्कम तेवढी हाती येते. मुंबई-सुरतेला गेलेल्या पुतण्यांनी ही अट वाचलेली बरी. वारसाहक्काने जमीन आली की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावे, असे महसूल संहितेचे कलम १४९ सांगते. तोंडी कळवले तरी चालते.