दुसरी सही

'विदाउट स्किपर' याला मराठीत काय म्हणायचं? 'तांडेलाविना' म्हणता येईल. पण हा शब्द कुठल्याही कोळीवाड्यात जाऊन उच्चारून बघा. बोट आहे आणि तिच्यावर तांडेल नाही, म्हणजे ती एकतर धक्क्याला बांधलेली असणार, नाहीतर दोर तुटून वाहत चाललेली असणार. तिसरी शक्यता त्यांना सुचणार नाही. सुट्टीसाठी शिडाची बोट भाड्याने देणाऱ्यांना मात्र ही तिसरी शक्यता सुचली, आणि तिचा धंदा उत्तम चालतो.

या प्रकाराला बेअरबोट चार्टर म्हणतात. 1969 साली कॅरिबियनमधल्या टोर्टोला बेटावर एका अमेरिकन जोडप्यानं मोजक्या बोटींवर अशीच एक कंपनी सुरू केली, ती आज जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक आहे. ग्रीस, क्रोएशिया, तुर्कस्तान, सगळीकडे आता हेच चालतं. शनिवारी संध्याकाळी चाळीस फुटी बोट ताब्यात घ्यायची, आठवडाभर बेटाबेटांतून हिंडायचं, पुढच्या शनिवारी सकाळी परत करायची. सेल्फ-ड्राइव्ह गाडीसारखं. गेटवेवरून तासावर मिळणारी शिडाची बोट खलाशांसकट येते, त्यामुळे मुंबईत राहणाऱ्यांना याची सवय नाही. पण लंडन, फ्रँकफर्ट, दुबईतली आपली मंडळी हौसेने जायला लागली आहेत, आणि त्यांच्या रील्स आपल्या फोनवर येतात. बाबा सुकाणूवर, पांढरी टोपी, गॉगल. आई पुढे पाय पसरून बसलेली. पोरं पाण्यात उड्या मारतायत. खाली लिहिलेलं असतं, 'कॅप्टन बाबा'.

माझं भांडण त्या रीलमध्ये पाय पसरून बसलेल्या आईशी नाही. तिला तिथे निव्वळ प्रवासी म्हणून बसवणाऱ्या व्यवस्थेशी आहे.

ग्रीसचा नियम बघा. बोट घेताना एकाकडे मान्यताप्राप्त लायसन्स हवं, आणि त्याच्याबरोबर बोट हाताळू शकणारी दुसरी एक व्यक्ती हवी. नियम शहाणा आहे. पण या दुसऱ्या व्यक्तीकडे लायसन्स नसेल तर एका कागदावर सही चालते: मला शिडाच्या बोटीचा अनुभव आहे. क्रोएशियात एक लायसन्स आणि रेडिओ वापरण्याचं प्रमाणपत्र एवढ्यावर भागतं, दुसऱ्या माणसाची चौकशीच नाही. कॅरिबियनमध्ये बऱ्याचदा आपण आजवर कुठे कुठे बोट चालवली हे लिहून दिलं की पुरतं.

ग्रीसमधली ती दुसरी सही कोण करतं? चार जणांच्या कुटुंबात, दोन मुलं लहान असताना? आई करते. ऑफिसच्या काउंटरवर, सामानाच्या ढिगाशेजारी, पोरांना आइस्क्रीम हवं असताना. तिला कुणी विचारत नाही की बाई, इंजिन कसं सुरू करायचं ते माहीत आहे का. तिचा नवराही विचारत नाही. ती सही खोटी आहे हे काउंटरच्या दोन्ही बाजूंना ठाऊक असतं, आणि त्या खोट्यावर दोन मुलांना घेऊन बोट समुद्रात जाते.

आता थोडा हिशोब. बोट 6 नॉटने चालली आहे, म्हणजे ताशी 11 किलोमीटर. सायकलचा वेग. सेकंदाला 3 मीटर. बाबा शीड आवरायला पुढे गेले आणि पाण्यात पडले. कुणाच्या तरी लक्षात आलं, किंकाळी फुटली, आईने मुलांना खाली केबिनमध्ये ढकललं. एवढ्यात मिनिट सहज जातं. त्या मिनिटात बोट 185 मीटर पुढे गेलेली असते. ऑटोपायलट चालू असेल तर तो इमानेइतबारे तिला आणखी पुढे नेत राहतो. मागे पाण्यावर उरतं ते नारळाएवढं डोकं, आणि अर्ध्या मीटरच्या लाटा असल्या तर तेही फक्त लाटेच्या माथ्यावर आल्यावर दिसतं. अशा वेळी बोट थांबवायची कशी, वळवायची कशी, शीड उतरवायचं कुठला दोर सोडून, हे बोटीवर माहीत असलेला एकुलता एक माणूस पाण्यात आहे.

हे फारच सिनेमातलं वाटत असेल तर साधी गोष्ट घ्या. कॅप्टन बाबांना बोट लागली. समुद्राची मळमळ लायसन्स बघत नाही. किंवा नांगराच्या साखळीत बोटं चेंगरली, पाठीत उसण भरली, डोक्याला ऊन लागलं. यात जिवावर बेतण्यासारखं काही नाही, आपल्या घरी झालं असतं तर दोन दिवस झोपून बरं वाटलं असतं. पण घर कुठे जात नाही. बोट जाते.

'पण त्यांनी कोर्स केलाय!' केला असेल, आणि कोर्स वाईट नसतात. ब्रिटनमधल्या आरवायए या संस्थेचा 'डे स्किपर' कोर्स पाच दिवसांचा आहे. त्याआधी बोटीवर पाच दिवस, 100 सागरी मैल आणि रात्रीचे चार तास काढलेले असावेत अशी अपेक्षा असते. त्यात शिकवतात ते खरंखुरं शिकवतात. फक्त एक गोष्ट तिथे नसते. कोर्सच्या बोटीवर तुमच्याभोवती तीन-चार विद्यार्थी असतात, त्यांना दोर कळतात, आणि शेजारी शिक्षक असतो. तुम्ही 'सोड' म्हणालात की कुणीतरी योग्य तोच दोर सोडतं. सुट्टीच्या बोटीवर 'सोड' म्हटलं की आई विचारते, "कुठला?"

मग ओरडाआरडा सुरू होतो. संध्याकाळी ग्रीसच्या कुठल्याही लहान बंदरात धक्क्यावर कॉफी घेऊन बसा. भूमध्य समुद्रात बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत, पाठमोरी लावतात. धक्क्यापासून तीन-चार बोटींच्या अंतरावर नांगर टाकायचा आणि साखळी सोडत सोडत, दोन्हीकडच्या बोटींना न घासता, रिव्हर्समध्ये मागे यायचं. आठ-नऊ टनांचं धूड, त्याला ब्रेक नाही, आणि वारा बाजूने ढकलतोय. नांगराशी आई उभी असते, सुकाणूशी बाबा. मधे चाळीस फूट आणि इंजिनचा आवाज. साखळी किती सोडायची, कधी थांबवायची, हे तिला कुणी शांतपणे सांगितलेलं नसतं, कारण ते सांगायला लागणारा एक तास सुपरमार्केटात गेला. म्हणून ते तिला आता, सगळ्या बंदरासमोर, ओरडून सांगितलं जातं. मुलं बघत असतात. सुट्टीतून ती काय शिकून जातात हा वेगळा लेख होईल.

वाऱ्याचंही थोडं सांगायला हवं, कारण आपली नजर कोकणातली. आपल्याकडे वादळ दिसतं. आभाळ काळं होतं, वीज चमकते, जनावरंसुद्धा आडोसा शोधतात. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा वाहतो. तो लख्ख निळ्या आभाळाखाली वाहतो आणि दिवसच्या दिवस थांबत नाही. धक्क्यावरून बघाल तर रीलमधलीच हवा. लंडनच्या शाळांना सुट्टी नेमकी तेव्हाच असते. आपले कोळी भर पावसाळ्यात बोट बाहेर काढत नाहीत, नारळी पौर्णिमेची वाट बघतात. चार्टरच्या बोटीची पौर्णिमा ठरलेली असते: शनिवार सकाळ. त्या वेळेला बोट परत केली नाही तर दंड, आणि विमान चुकतं ते वेगळंच. अशा शुक्रवारी, वारा असताना, "आज निघायला नको" असं म्हणायला बोटीवर दुसरं कुणीतरी लागतं, ज्याच्या मताला वजन आहे. ज्याला काही येत नाही त्याच्या मताला भीती म्हणतात आणि हसण्यावारी नेतात.

आता आक्षेप. हजारो कुटुंबं दरवर्षी जातात, काही होत नाही. खरं आहे. बहुतेकांचं नुकसान बोटीवरच्या ओरखड्यांवर आणि डिपॉझिट कापलं जाण्यावर निभावतं. पण मग सीटबेल्टही लावू नका, बहुतेक दिवशी त्याचीही गरज पडत नाही.

स्किपर घेतला तर एक केबिन जाते, परका माणूस आठवडाभर आपल्यात वावरतो, त्याचं जेवण बघायचं, आणि दिवसाला दीडशे-दोनशे युरोच्या आसपास त्याचा मेहनताना. हेही खरं. पैसे झाडाला लागत नाहीत. पण बऱ्याच ठिकाणी स्किपर पहिल्या दोन दिवसांपुरताही मिळतो, हे मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. लेफकाडाच्या बाजूला आयोनियन समुद्र पुष्कळ शांत, तिथे ताफ्याने जाता येतं: दहा-बारा बोटी, पुढे जाणकारांची एक. बाबांची टोपी तरीही डोक्यावर राहते.

आणि कुणीही बरोबर नको असेल, अगदी आपली आपणच बोट हवी असेल, तर माझा त्याला विरोध नाही. उलट मला ती कल्पना आवडते. अट एकच: दुसरी सही खरी हवी. गोव्याहून 2024 च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी 'तारिणी' या 56 फुटी शिडाच्या बोटीतून निघाल्या आणि मे 2025 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतल्या. दोघीच. एक झोपली की दुसरीच्या हातात सगळी बोट. त्या बोटीवर प्रवासी कुणीच नव्हतं. आठवडाभराच्या सुट्टीला इतकी तयारी लागत नाही, पण हिशोब तोच आहे.

म्हणून तुमच्या घरात कुणी बोटीचं बुकिंग करत असेल तर कोर्सची फी दोघांची भरायला लावा. तुम्ही सोळा वर्षांच्या वर असाल तर तुम्हीच करा, आई मोकळी राहील. तेही जमत नसेल तर निदान पहिल्या दिवशी, बंदराबाहेर, दोन तास काढा. इंजिन सुरू-बंद. नाक वाऱ्यात घालून शीड खाली. रेडिओचं लाल बटण कुठे आहे, आपण कुठे आहोत ते स्क्रीनवर कसं वाचायचं. लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आधीच मागून ठेवलीत ना, ते बघा. मग बोटीच्या कडेला लटकवलेल्या त्या फुगीर फेंडरपैकी एक सोडवा आणि पाण्यात फेका. तो बाबा आहे असं समजा. आई किंवा ताई सुकाणू धरेल आणि बोट वळवून त्याला उचलून आणेल. पहिल्यांदा हुकेल, दुसऱ्यांदाही हुकेल. तोवर खऱ्या बाबांनी मागे बसून राहायचं, आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही.