होडीचं इंजिन खोलतो, मग पिकअपचं बॉनेट का नाही?

मंडळी, भर समुद्रात डिझेलचा फिल्टर चोक झाला तर आपण मिस्त्रीची वाट बघत बसत नाही. बोटीवरचाच कुणीतरी फिल्टर खोलतो, लाइनमधली हवा काढतो, इंजिन परत चालू करतो. तोच माणूस किनाऱ्यावर आला की पिकअपचा बल्ब बदलायलाही गॅरेज शोधतो. आम्हाला हे पटत नाही.

लोंढ्यावरून बेळगावला जाणाऱ्या मासळीच्या गाड्या बघा. गोव्याची अनमोड घाट चढून येते, कारवारची अणशीवरून. पुढे रामनगर, लोंढा, खानापूर. वाटेत निम्मं जंगल. तिथं गाडी बंद पडली तर मिस्त्रीची मजुरी हा किरकोळ खर्च. बर्फ वितळतो, सकाळचा बाजार चुकतो, मग त्या मासळीला भाव कोण देणार?

आपल्या गाड्या खराब होतात त्या खाऱ्या पाण्यानं. क्रेटमधून गळलेलं पाणी चासीत, सांध्यात मुरतं. अर्थिंगच्या वायरीचं टोक गंजलं की सेल्फ नीट फिरत नाही आणि आपण म्हणतो, बॅटरी गेली! नवी बॅटरी घेण्याआधी पाना घ्या. गाडी बंद करून आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. टोकांवरची पांढरी-हिरवी पूड खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानं घासा, कोरडं करा, जोडून वर व्हॅसलीन लावा. जोडताना निगेटिव्ह शेवटी. अर्थिंगचं टोकही घासून आवळा. अर्ध्या तासाचं काम. आणि खेप उतरली की हौदा आणि खालची बाजू गोड्या पाण्यानं धुवा. एवढं केलं तरी बराच पैसा वाचतो, त्याला मिस्त्री लागतच नाही.

एअर फिल्टर, वायपर, बल्ब, ऑईलची पातळी हेही घरचंच. फ्यूज उडाला तर त्याच नंबरचा घाला. तांब्याची तार गुंडाळायची सवय आपल्यात आहे, ती सोडा, गाडी पेटते त्यानं.

ब्रेकला मात्र घरी हात लावू नका. परतताना रिकामी गाडी अनमोड उतरते, तेव्हा सगळा भार ब्रेकवर. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढतं, जुनं झालं की घाटात तापून उकळतं आणि पेडल खाली जातं. ते वेळेवर गॅरेजातच बदला, उतरताना खालचा गिअर ठेवा. इथं पैसे वाचवणाऱ्याला आम्ही हुशार म्हणणार नाही. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरणाऱ्यालाही नाही.

१ जून ते ३१ जुलै बंदीत बोटी वर असतात, जाळी विणली जातात. त्यातच एक दिवस पिकअपला द्या, पोरांनाही हाताशी घ्या. काढलेलं जुनं ऑईल डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, ओहोळात नको. लोंढ्याकडचं पाणी पांढरी नदीतून काळीत जातं, आणि काळी कारवारला समुद्रात.