विश्लेषण : कणा असलेल्या प्राण्यांचा नातेवाईक शतकभर उलटा पाहिला गेला?

मासे, पक्षी आणि माणूस अशा पृष्ठवंशीय प्राण्यांच्या उगमाचा विषय निघाला की पिकायाचे नाव येतेच. जेमतेम पाच सेंटिमीटरचा हा सागरी प्राणी सुमारे ५०.८ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची ‘पाठ’ म्हणजे प्रत्यक्षात पोट होते, असा निष्कर्ष २०२४ मधील एका अभ्यासाने काढला. त्यामुळे जुन्या पुराव्यांकडे नव्याने पाहावे लागत आहे.

पिकाया महत्त्वाचा का?

कॅनडातील बर्जेस शेल खडकांत त्याचे जीवाश्म सापडले. चार्ल्स वॉलकॉट यांनी १९११ मध्ये त्याला कृमी ठरवले. १९७०च्या दशकात सायमन कॉनवे मॉरिस यांनी तो समपृष्ठरज्जू, म्हणजे आपल्याच संघातला प्राणी असल्याचे मांडले. २०१२ मध्ये ११४ नमुन्यांचा सविस्तर अभ्यास झाला. पण पाठीलगतच्या एका नळीचे कोडे सुटले नाही.

नव्या अभ्यासात काय आढळले?

केंब्रिज विद्यापीठातील जिओव्हानी मुसिनी आणि सहकाऱ्यांच्या मते ही नळी म्हणजे आतडे. काही नमुन्यांत तिच्यात गाळ आहे आणि डोक्याकडे ती घशासारखी रुंदावते. गाळ तोंडावाटे आतड्यात जाऊ शकतो, पाठीतल्या बंद अवयवात नाही. प्राणी उलटा केला, की आधी रक्तवाहिनी मानलेला पट्टा चेतारज्जू ठरतो आणि तो पाठीकडे येतो. समपृष्ठरज्जू प्राण्यांत चेतारज्जू तिथेच असतो. कीटकांत तो पोटाकडे असतो.

अशी गफलत कशी होते?

मऊ शरीर कुजते आणि खडकात चपटे होते. लेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये अँफिऑक्सस आणि लॅम्प्रेच्या अळ्या मुद्दाम कुजवून पाहिल्या. उत्क्रांतीत उशिरा आलेली, ओळख पटवणारी वैशिष्ट्येच आधी नाहीशी झाली. त्यामुळे जीवाश्म असतो त्यापेक्षा अधिक आदिम भासू शकतो.

मग पिकाया आपला पूर्वज का?

थेट पूर्वज नव्हे. चीनमधील युनान प्रांतात सापडलेला, १९९९ मध्ये वर्णन झालेला हायकोइक्थिस सुमारे ५१.८ कोटी वर्षे जुना आहे आणि त्याला डोके व डोळे होते. म्हणजे पिकायाच्या आधीच माशासारखे प्राणी पोहत होते. पिकाया हा जुन्या शाखेचा मागे उरलेला नातेवाईक. पण पाठ-पोट नक्की झाल्याने, कणा येण्यापूर्वीचे शरीर कसे होते हे सांगणारा तो आता अधिक भरवशाचा साक्षीदार ठरतो.