फुकट राबण्याची ऐपत

मी ऊर्जानगरचा. मॅट्रिक पास. मुंबईच्या गोदीत गोण्या उचलतो. जेवढ्या गोण्या तेवढे पैसे.

धाकटा भाऊ बी.एस्सी.ला आहे. परवा म्हणाला, "दादा, मेंदूच्या प्रयोगशाळेत पोट्टे घेऊन रायले. लहान लेकरांचं बोलणं, वाचणं, वाढ तपासायची. पगार नाही, सर्टिफिकेट भेटते."

"मंग खाशीन काय?"

तो गप्प.

दोस्तांनो, बापजाद्यांनी महारवतनाची वेठ केली. 1958च्या कायद्यानं वतन मोडलं. तेव्हा फुकट राबायची सक्ती होती. आज फुकट राबायची ऐपत नाही! ज्याचा बाप खोलीभाडं भरतो, तो सहा महिने लेकरांच्या डोक्यावर तारांची टोपी चढवतो, व्हिडिओ बघून नोंदी करतो आणि प्रोफेसरची चिठ्ठी घेऊन परदेशी उडतो. याला म्हणे सेवा!

नुकसान एकट्या आमचं नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 2015 साली वाचनदोष हुडकणारी 'डाली' चाचणी मराठीतही आणली. बेस झालं. पण मराठी कुणाची? टोमॅटोचं चित्र दाखवा, आमचं लेकरू 'भेद्र' म्हणेल. सदाशिव पेठेतला स्वयंसेवक काय लिहील? चूक! घरात गोंडी बोलणाऱ्या लेकराचं तर विचारूच नका. मंद कोण, लेकरू की ऐकणारा?

भेद्र ओळखणारा माझा भाऊ त्या टेबलामागं बसला पाहिजे. उपकार म्हणून नाही, मजुरी घेऊन. यंत्राला पैसा आहे ना? मग माणसाची रोजी आधी मोजा.