पाहणीच्या वहीत आपला कारखाना कुठे आहे?

मुंबईच्या उपनगरांत मेट्रो, उड्डाणपूल आणि जोडरस्त्यांची कामे पाहिली की आपल्या व्यापारी बांधवांच्या तोंडून एक तक्रार हमखास ऐकू येते, "हे सगळे आपल्यासाठी नाही." रस्ता रुंद होतो, पण हातगाडीला जागा राहत नाही. स्टेशन दारात येते, पण मोठा गठ्ठा घेऊन आत जाता येत नाही. तक्रार खरी आहे. मात्र तिचे मूळ शोधताना आपण नेहमी पुढाऱ्यांकडे आणि कंत्राटदारांकडे बोट दाखवतो. आमच्या मते एक मोठे कारण रस्ता खोदण्याच्या कित्येक वर्षे आधीच घडलेले असते. ते म्हणजे प्रवासाची पाहणी, आणि त्या पाहणीत न झालेली आपली नोंद.

ही पाहणी म्हणजे काय, हे थोडक्यात समजून घेऊ. संपूर्ण महानगराचे लहान लहान विभाग पाडतात. प्रत्येक विभागातील काही घरे निवडून तिथे माणसे पाठवतात. काल घरातील कोण कुठे गेले, कशासाठी गेले, कशाने गेले, किती वेळ व किती पैसे लागले, हे विचारले जाते. त्यावरून चार हिशेब मांडतात. कोणत्या विभागातून किती फेऱ्या निघतात, त्या कुठे जातात, कोणत्या वाहनाने जातात आणि कोणत्या रस्त्याने जातात. हे मॉडेल पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा अंदाज सांगते आणि त्या अंदाजावर कोट्यवधी रुपयांची कामे ठरतात. रोजकीर्दीत नोंदच चुकली तर ताळेबंद कितीही सुबक असला तरी खोटाच असतो, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

मुंबईत हे काम नवे नाही. विल्बर स्मिथ या अमेरिकन कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस शहराच्या वाहतुकीचा अभ्यास केला. १९९४ साली डब्ल्यू. एस. ॲटकिन्स यांचा अहवाल आला. पुढे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००५ ते २००८ या काळात ‘ट्रान्सफॉर्म’ नावाचा सर्वंकष अभ्यास करवून घेतला व त्यासाठी सुमारे ६६ हजार कुटुंबांची पाहणी केली. त्यानंतर याच मालिकेतील दुसरा अभ्यासही झाला. विल्बर स्मिथ यांच्या काळापासून कागदावर असलेली मुक्त मार्गाची कल्पना पूर्व मुक्त मार्गाच्या रूपाने २०१३ साली रस्त्यावर उतरली. आज वहीत लिहिलेली ओळ उद्या आपल्या मुलांच्या काळात सिमेंटची होते, ती अशी.

६६ हजार हा आकडा मोठा वाटतो. पण महानगर प्रदेशाची लोकसंख्या त्या वेळी दोन कोटींच्या आसपास होती. ढोबळ हिशेबाने एका कुटुंबाने साधारण सत्तर कुटुंबांच्या वतीने उत्तर दिले. एवढ्या नमुन्यावर अंदाज बांधणे शास्त्राला मान्य आहे, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. प्रश्न असा, की ते एक कुटुंब निवडले कसे, भेटले कोण आणि बोलले काय?

दार उघडते कोण?

बोरिवली आणि मुलुंडच्या मोठ्या सोसायट्यांत पाहणी करणारा तरुण वॉचमनच्या पुढे जाऊ शकत नाही. चाळीत आणि झोपडपट्टीत दार उघडे असते, पण दिवसा घरात कर्ता माणूस नसतो. जी बाई किंवा जे मूल भेटते ते सगळ्यांच्या वतीने उत्तर देते. "अब्बा कामाला जातात, रात्री येतात." झाल्या दोन फेऱ्या. प्रत्यक्षात त्या माणसाने दिवसभरात मार्केट, कारखाना, प्रेसवाला, गिऱ्हाईक, बँक अशा सहा-सात फेऱ्या केलेल्या असतात. त्या कुठेच उतरत नाहीत.

बायकांचे तर आणखी अवघड. शाळेत मुलाला सोडणे, रेशन आणणे, काज-बटणाचा माल घरी आणणे व करून परत देणे, ही सगळी पायी केलेली कामे. विचारले तर त्या स्वतःच म्हणतात, "मी कुठे जात नाही." हा सगळ्या जगातील पाहण्यांचा जुना रोग आहे. जवळची आणि पायी केलेली फेरी सांगणारा विसरतो आणि लिहिणारा सोडून देतो. मुंबईत ही चूक फार महाग पडते, कारण २००८च्या त्याच अभ्यासात रोजच्या एकूण फेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पायी होतात असे दिसले. २००४च्या सुमारास जागतिक बँकेसाठी पाच हजार कुटुंबांची जी पाहणी झाली, तीतही ४४ टक्के लोक कामाला चालत जातात असे आढळले, आणि गरिबांत हे प्रमाण त्याहून जास्त होते. नोंदी सुटूनही आकडा इतका आहे, तर खरा किती असेल? तरी फुटपाथवर खर्च किती होतो, हे अंधेरी स्टेशनाबाहेर उभे राहून कोणीही पाहावे.

कारखाना घर नव्हे, म्हणून हिशेबात नाही

आता आपल्या धंद्याचे बोलू. साकीनाका, खैरानी रोड, असल्फा, जोगेश्वरी, मालवणी या भागांत शिलाईचे, भरतकामाचे, जरीचे कारखाने आहेत. कारागीर तिथेच काम करतात, तिथेच जेवतात, तिथेच झोपतात. पाहणीचा फॉर्म विचारतो की कुटुंबप्रमुख कोण. पोटमाळ्यावर पंधरा माणसे राहतात, त्यांत कुटुंबप्रमुख कोणाला म्हणायचे? मतदार यादीत त्यांचे नाव गावाकडचे, रेशनकार्ड गावाकडचे. ज्या यादीतून घरे निवडायची त्या यादीत हा पत्ताच नसेल, तर दारावर थाप पडणारच नाही.

सरकारी जनगणनेतही तसेच झाले. २०११च्या जनगणनेत कामाचे ठिकाण किती दूर आणि माणूस तिथे कशाने जातो हे विचारले होते, पण त्याचे जे तक्ते निघाले ते ‘इतर कामगार’ या वर्गाचे. घरगुती उद्योगात काम करणारा त्या तक्त्यात नाही. समजूत अशी, की घरात बसून काम करणाऱ्याला प्रवास कसला?

पण त्याचा माल प्रवास करतो ना! एका गठ्ठ्याची गोष्ट पाहा. मंगलदास मार्केटमधून कापड उचलले, लगेजच्या डब्यातून घाटकोपरला आणले, रिक्षाने साकीनाक्याला नेले. तिथे कटिंग झाले. तिथून भरतकामाला दुसऱ्या गल्लीत हातगाडीवर, तिथून धागे कापायला चार घरांत डोक्यावरून, मग प्रेस, मग टेंपोने मुलुंडच्या दुकानात. सात-आठ फेऱ्या, पाच-सहा माणसांची रोजी. घरोघरच्या पाहणीत प्रश्न माणसाला असतो, त्याच्या डोक्यावरच्या ओझ्याला नसतो. २०१४ साली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तिची साकीनाका आणि असल्फा ही स्थानके आपल्या वस्तीच्या दारात आली. मोकळ्या हाताने जाणाऱ्याची त्यामुळे मोठी सोय झाली, हे कबूल केलेच पाहिजे. पण स्टेशनखाली हातगाडीला उभे राहायला, टेंपोला माल उतरवायला जागा कुठे?

मालाची पाहणी होते ती नाक्यांवर. मुलुंड आणि दहिसर येथे वाहने थांबवून ड्रायव्हरला विचारतात, कुठून आलास, काय भरले आहे. गाडी थांबवायला पोलीस उभा असतो. पोलीस पाहून ड्रायव्हर खरे बोलेल काय? पूर्वी जकातीची धास्ती होती. ती २०१७ साली गेली आणि जीएसटीची आली.

भीतीचे काय?

इथे आपल्या बाजूचेही बोलले पाहिजे. वही घेऊन कोणी आला की आपण दार लोटतो. त्याला कारणे आहेत. २०२०च्या सुरुवातीस नागरिकत्वाच्या वादाच्या दिवसांत राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या माणसांनाही ठिकठिकाणी लोकांनी माहिती नाकारली होती. लहान व्यापाऱ्याला कराची भीती, कारागिराला जागा खाली करावी लागण्याची भीती. ही भीती चुकीची आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण गप्प राहिल्याने आपण वाचतो, हा समज मात्र चुकीचा आहे.

याचा पुरावा कुर्ल्यात आहे. सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्त्यात दुकाने जाणाऱ्या कुर्ल्याच्या व्यापाऱ्यांनी युनायटेड शॉप ओनर्स असोसिएशनच्या नावाने २००४ साली जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे दाद मागितली. ती पाहणी प्रवासाची नव्हती, बाधितांची होती, पण दुखणे तेच होते. त्या प्रकल्पांत विस्थापित होणाऱ्यांची संख्या सुरुवातीच्या अंदाजापेक्षा बरीच वाढून सुमारे १ लाख २० हजारांवर गेली होती. दुकानदारांच्या धंद्याचा, गिऱ्हाइकांचा, नोकरांचा नीट विचार झाला नव्हता, असे मंडळाच्या २००५च्या अहवालात आले. २००६ साली बँकेने काही महिने पैसे थांबवले. हे झाले ते दुकानदारांनी आपला हिशेब कागदावर मांडला म्हणून. मोजले जाणे धोक्याचे वाटते, पण न मोजले जाणे त्याहून धोक्याचे आहे.

आता काही जण म्हणतील, मोबाइलच्या सिग्नलवरून सगळे कळते, दारोदार फिरायचे कशाला? मोबाइल एवढेच सांगतो की एक फोन साकीनाक्याहून घाटकोपरला गेला. तो कशासाठी गेला, डोक्यावर काय होते, भाडे परवडले का, हे तो सांगत नाही. ज्या घरात चार बायकांत एक फोन आहे, तिथे तिघींच्या फेऱ्या गायबच होतात.

मागण्या आणि आपली जबाबदारी

पाहणी करणाऱ्यांकडे आमच्या मागण्या अशा :

१. माणसे जिथे राहतात आणि काम करतात, तो कारखाना वेगळा घटक धरून नमुन्यात घ्यावा.

२. प्रत्येक माणसाला स्वतंत्र विचारावे. बायकांना विचारायला बायका पाठवाव्यात.

३. रात्री आठनंतरही यावे. काही कारखान्यांची सुट्टी रविवारी नसून शुक्रवारी असते, आणि रमजानमध्ये बाजाराचे वेळापत्रकच बदलते, हे ध्यानात ठेवून दिवस निवडावेत.

४. "सोबत काय ओझे होते?" हा एक प्रश्न फॉर्ममध्ये वाढवावा.

५. माहिती गुप्त राहील असे लेखी द्यावे. जनगणनेला १९४८च्या कायद्याचे संरक्षण आहे. प्रवासाच्या पाहणीला त्या कायद्याचे संरक्षण लागू नाही, म्हणून लेखी हमी हवीच.

यात खर्च वाढेल हे आम्हाला कळते. लांब फॉर्मला लोक कंटाळतात, आणि जिथे फॉर्ममागे मोबदला असतो तिथे चहाच्या टपरीवर बसून फॉर्म भरण्याचा मोहही असतो. म्हणून फॉर्म छोटा असावा, पण जागेवर भरलेला असावा. हजारो कोटींच्या कामापुढे हा खर्च किती?

आणि आपण काय करावे? आपल्या मार्केटच्या, गल्लीच्या संघटनांनी प्राधिकरणाला पत्र लिहून कारखान्यांच्या गल्ल्या कळवाव्यात आणि पाहणीच्या वेळी ओळखीचा एक माणूस सोबत द्यावा. आलेल्या माणसाचे ओळखपत्र पाहावे. प्रवास सांगायला आधार किंवा कुठलेही कागदपत्र लागत नाही. कोणी मागितले तर देऊ नये आणि वर तक्रार करावी. पण कालचा प्रवास विचारला, तर सकाळच्या पहिल्या फेरीपासून रात्रीच्या शेवटच्या फेरीपर्यंत, पायी गेलेली धरून, सगळा इमानदारीने सांगावा. एका घराचे उत्तर सत्तर घरांच्या नावावर चढते, हे लक्षात असू द्यावे.