तुंबलेली मोरी

घर पाहुण्यांनी भरलेले असावे आणि नेमकी त्याच दिवशी मोरी तुंबावी, हा अनुभव इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या जुन्या वाड्यांतून नवा नाही. अशा वेळी जो तो नळीत काही ना काही ओतू पाहतो. आमचे सांगणे असे की, आधी अंगणातील चेंबरचे झाकण काढावे, पेटती विडी-काडी दूर ठेवावी आणि न वाकता आत पाहावे. चेंबर रिकामे असेल तर अडथळा घराच्या बाजूस आहे. काठोकाठ भरले असेल तर तो पुढे, रस्त्याकडे आहे.

घराकडचा अडथळा बहुधा केसांचा, नाही तर थिजलेल्या तुपातेलाचा असतो. जाळी काढून हाताने केस ओढावेत, रबरी पंप मारावा, आणि तेवढ्याने न भागल्यास बांबूची लांब कामटी किंवा प्लंबरची स्प्रिंग फिरवावी. प्लॅस्टिकच्या नळीत उकळते पाणी ओतू नये, ती वाकते. ॲसिडाच्या तर आम्ही विरुद्धच आहोत. ब्लीचिंग पावडरवर ते पडले की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. शिवाय ओतलेले तीव्र द्रव्य नळीतच साचून राहते आणि मागाहून येणाऱ्या कामगाराच्या तोंडावर उडते. काही ओतलेच असेल, तर ते त्याला आधी सांगावे.

मैल्याची टाकी भरली असेल, तर मात्र गोष्ट निराळी. ‘जरा आत उतरून बघ’ हे शब्द बहुधा घरमालकाच्याच तोंडून निघतात. पिढ्यानुपिढ्या हे काम ठराविक जातींच्या माथी मारल्यामुळे ते आपल्याला सहज सुचते, एवढेच. टाकीतील हायड्रोजन सल्फाइड वायूला सडक्या अंड्यासारखा वास येतो; परंतु त्याचे प्रमाण फार वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. आत उतरलेला माणूस क्षणात कोसळतो आणि त्याला काढावयास गेलेला दुसराही बळी पडतो. संरक्षक साधनांवाचून कोणास असे उतरविणे हा 2013 च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. पहिल्याच अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तेव्हा टाकी उपसणारे पंपाचे वाहनच बोलवावे. बोळ अरुंद असल्यास टाकीपासून रस्त्यापर्यंतचे अंतर पावलांनी मोजून आधी कळवावे, म्हणजे तेवढी नळी बरोबर येते.